'नाईट'ला मराठीत काय म्हणायचं? सरदार, शिलेदार की अजून काही?

निळीशाई
मंडळी, मदत हवीये. एका अंकासाठी सर जॉन फास्टॉल्फवर लेख लिहितेय. इंग्लंडमधल्या नॉरफकचा माणूस, जन्म १३८०, मृत्यू १४५९, म्हणजे इंग्लंड-फ्रान्सच्या शंभर वर्षांच्या युद्धाच्या उत्तरार्धाचा मोठा भाग याने अंगावर घेतला, फ्रान्समध्ये वीसेक वर्षं लढला, बक्कळ पैसा केला आणि म्हातारपणी गावी येऊन विटांचा किल्ला बांधून कोर्टकचेऱ्या करत बसला. लेख डोक्यात तयार आहे पण गाडी पहिल्याच वाक्याला अडलीये. "फास्टॉल्फ हा एक ____ होता." सरदार लिहिलं की शिंदे-होळकर डोळ्यासमोर येतात, शूरवीर लिहिलं की टीव्हीवरची सिरीयल वाटते, योद्धा तर काय कुणीही असतो. आणि हा एकच शब्द नाही, एस्क्वायर (नाईटच्या खालची पायरी), इंडेंचर, वॉर्डशिप अशी रांग लागलीये मागे. सुचवा काहीतरी.

पटावरचा_घोडा
घोडा. बुद्धिबळात आपण नाईटला घोडाच म्हणतो, विषय संपला :) "फास्टॉल्फ हा नॉरफकमधला एक घोडा होता."

बखरप्रेमी
वरच्यांकडे दुर्लक्ष करा. निळीशाईताई, शब्द आपल्याकडे तयार आहे, शिलेदार. आपल्या जुन्या फौजेत स्वार दोन तऱ्हेचे, बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो तो, आणि शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा नि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येतो तो. नाईट काय वेगळं करायचा? घोडा त्याचा, चिलखत त्याचं, तलवार त्याची. उलट तिकडे चौदाव्या शतकात मोहिमेला निघायच्या आधी प्रत्येकाच्या घोड्याची किंमत ठरवून, रंग आणि खुणा लिहून यादी करायचे आणि घोडा मोहिमेत मेला तर राजा भरपाई द्यायचा. हे वाचलं तेव्हा मला तर वाटलं आपल्याच फडातला कागद वाचतोय.

थेम्सकाठची
बखरप्रेमी दादा, शिलेदार वाचायला छान वाटतं पण माझं मत विरोधात आहे आणि जरा लांबण लावते, माफ करा.

पहिली अडचण, हे लोक लढायचे पायी. घोडा होता, प्रवासाला, पाठलागाला, रुबाबाला होता, पण क्रेसी १३४६, प्वातिए १३५६, अझँकूर १४१५, या तिन्ही ठिकाणी इंग्लिश चिलखतवाले घोड्यावरून उतरून तिरंदाजांच्या जोडीने जमिनीवर पाय रोवून उभे राहिले. त्यामुळे ज्या शब्दात स्वार गृहीत धरलाय तो शब्द १४०० नंतरच्या इंग्लिश माणसाला लावला की वाचकाच्या डोळ्यासमोर चुकीचंच चित्र उभं राहतं.

दुसरी आणि मोठी अडचण म्हणजे नाईट हे कामाचं नाव नाहीये, दर्जाचं आहे. अझँकूरच्या मोहिमेचे रोजचे पगार बघा, ड्यूकला १३ शिलिंग ४ पेनी (१२ पेनीचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड), अर्लला ६ शिलिंग ८ पेनी, बॅनरेटला (हाताखाली इतर नाईट असलेला नाईट) ४ शिलिंग, नाईटला २ शिलिंग, एस्क्वायरला १ शिलिंग, तिरंदाजाला ६ पेनी. आता नाईट आणि एस्क्वायर दोघांचं चिलखत तेच, रांगेत उभे शेजारी शेजारी, काम अगदी एकच, फरक फक्त दर्जाचा आणि म्हणून पगार दुप्पट. शिलेदार हा चाकरीचा प्रकार झाला, नाईट हा माणसाच्या नावाला कायमचा चिकटलेला मान. तो घरी बसून मेंढ्या मोजत असला तरी नाईटच.

आणि गंमत म्हणजे हा मान बऱ्याच लोकांना नको असायचा! ज्याचं जमिनीचं उत्पन्न वर्षाला ४० पौंड आहे त्याने नाईट व्हायलाच पाहिजे असा नियम, कारण नाईट झाला की ज्युरी, चौकश्या, जिल्ह्याची सतरा कामं त्याच्या गळ्यात मारता यायची. लोक काय करायचे, सरळ दंड भरून मोकळे व्हायचे. पंधराव्या शतकात ऐपत असूनही जन्मभर एस्क्वायर राहिलेले कितीतरी सापडतील.

टवाळखोर
म्हणजे सोसायटीचं सेक्रेटरीपद.

निळीशाई
हाहा. थेम्सकाठची, हे फार कामाचं आहे, कारण फास्टॉल्फसुद्धा १४१५ च्या मोहिमेला गेला तेव्हा एस्क्वायरच होता. त्याच्या करारात १० चिलखती शिपाई आणि ३० तिरंदाज आणीन असं लिहिलंय. तुम्ही दिलेल्या दराने हिशोब केला तर तुकडीचा रोजचा पगारच २५ शिलिंग होतो की! आणि १४१६ च्या सुरुवातीला तो 'सर' झालेला दिसतो, वय पस्तीस-छत्तीस. मला वाटायचं एकवीस वर्षांचं पोरगं देवळात रात्रभर जागरण करतं, सकाळी राजा खांद्यावर तलवार टेकवतो, वगैरे.

मग सरदार कसं वाटतं? ४० माणसं घेऊन गेला म्हणजे छोटासा सरदारच ना?

बखरप्रेमी
सरदाराला माझा कडाडून विरोध. सरदार म्हणजे ज्याच्याकडे सरंजाम आहे, फौज आहे, दरबारात बसायची जागा आहे. तिकडे तो मान ड्यूक, अर्ल, बॅरन यांचा. नाईट त्यांच्या खाली. पार्लमेंटात तर हे स्वच्छ दिसतं, लॉर्ड लोक वरच्या सभागृहात आणि नाईट खालच्या, शहरातल्या व्यापाऱ्यांच्या बाजूला. प्रत्येक शायरमधून, म्हणजे जिल्ह्यातून, दोन प्रतिनिधी निवडून जायचे त्यांचं नावच मुळी 'नाईट ऑफ द शायर'. सरदार म्हटलं की तुम्ही त्याला दोन पायऱ्या वर नेऊन बसवता.

थेम्सकाठची
सहमत, आणि अजून एक खोच, ते नाईट ऑफ द शायर दर वेळी नाईट असायचेच असंही नाही. कवी जेफ्री चॉसर १३८६ मध्ये केंटचा नाईट ऑफ द शायर म्हणून पार्लमेंटात बसला आणि तो जन्मात कधी नाईट झाला नाही, एस्क्वायरच. पुढे १४४५ ला कायदा केला की निवडून येणारा एकतर नाईट असावा नाहीतर नाईट होण्याच्या ऐपतीचा तरी असावा. म्हणजे शब्द तोच, पण इथे त्याचा अर्थ नुसता 'जिल्ह्याचा प्रतिनिधी'. शब्दशः भाषांतर केलंत तर फसाल.

१३८६ चंच चॉसरचं अजून एक आठवलं, सर रिचर्ड स्क्रोप आणि सर रॉबर्ट ग्रोव्हनर यांचा ढालीवरच्या चिन्हावरून खटला चालू होता, निळ्या जमिनीवर सोनेरी तिरपा पट्टा, दोघं म्हणतात माझाच. शेकडो साक्षीदार, मठाधिपती काय, सैनिक काय, सगळे येऊन सांगतायत की आम्ही अमक्या लढाईत हे चिन्ह यांच्या अंगावर पाहिलं. चॉसरनेही साक्ष दिली, वय चाळीसच्या वर आणि २७ वर्षं शस्त्र बाळगतोय असं लिहून घेतलंय. निकाल स्क्रोपच्या बाजूने लागला. चिन्हासाठी एवढी वर्षं भांडायची तयारी, यावरून कळतं की नाईटपण म्हणजे काय होतं, तलवार घरी ठेवली तरी चालेल पण ढालीवरचा पट्टा दुसऱ्याने वापरलेला चालणार नाही.

मोडीतोड
बॅनरेटचा उल्लेख आला म्हणून. साध्या नाईटचं निशाण लांबट, शेपटीवालं, आणि बॅनरेटचं चौकोनी, कारण त्याच्या हाताखाली बाकीचे नाईट असतात. बढती द्यायची म्हणजे अक्षरशः निशाणाची शेपटी कापायची. १३६७ ला स्पेनमध्ये नाहेराच्या लढाईआधी सर जॉन चँडॉसने आपलं निशाण एडवर्ड युवराजाकडे दिलं, त्यांनी ते चौकोनी करून परत दिलं, झाला बॅनरेट. यासाठी 'निशाणाचा मानकरी' म्हणता येईल. मानकरी हा शब्द मला एकूणच बरा वाटतो नाईटसाठी. बघा विचार करून.

निळीशाई
मानकरी! हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मानकरी म्हटलं की जत्रेतला पालखीचा मानकरी आठवतो आणि आता "यंदाचे पुरस्काराचे मानकरी" असं पेपरात असतं. दर्जाचा अर्थ बरोबर येतो पण तलवार पार गायब होते.

टवाळखोर
सगळे विसरताय की नाईट म्हणजे सर. सर म्हणजे गणिताचे सर. "फास्टॉल्फ सर."

थेम्सकाठची
टवाळखोर, तुम्ही चेष्टेत बोललात पण ही चूक मराठी पेपरात सर्रास होते. सर हे पहिल्या नावाला लागतं, आडनावाला नाही. सर जॉन म्हणा किंवा सर जॉन फास्टॉल्फ म्हणा, सर फास्टॉल्फ कधीच नाही. आणि आपल्याला हे माहीत नाही असंही नाही, सर जमशेटजी, सर फिरोजशहा, सर रामकृष्ण भांडारकर असंच म्हणतो की आपण. जमशेटजी जीजीभॉय १८४२ ला नाईट झाले तो मान त्यांच्यापुरता होता, १८५७ ला बॅरोनेट झाले तेव्हा तो वंशपरंपरागत झाला. फास्टॉल्फच्या काळी बॅरोनेट ही भानगडच नव्हती, नाईटपण बापाकडून मुलाकडे जायचं नाही. हा मुद्दा लेखात आणाच, कारण वतनदार वगैरे शब्द वापरायचा मोह होतो आणि वतन म्हटलं की वंशपरंपरा आलीच. जमीन मुलाला जायची, 'सर' नाही.

मोडीतोड
मूळ शब्दाबद्दल कुणीच बोललं नाही अजून. जुन्या इंग्लिशमध्ये हा शब्द होता 'क्निख्त'सारखा काहीतरी, अर्थ पोरगा, नोकर. जर्मनमध्ये 'क्नेख्त' अजूनही गडी-नोकरच. फ्रेंच शेव्हालिए, स्पॅनिश काबायेरो हे घोड्यावरून आले, जर्मन रिटर पण स्वारच, इंग्रजांनी मात्र हुजऱ्याला वर चढवत चढवत 'सर' केलं. आणि कागदपत्रात लॅटिन 'मीलेस' लिहायचे, म्हणजे नुसता शिपाई. या भाषा तीन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि पंधराव्या शतकातला खरा नाईट तिन्हीत बसत नाही.

बखरप्रेमी
बरं शिलेदार जाऊ दे तूर्तास. एस्क्वायरला ढालाईत घ्या. मूळ अर्थ तोच, ढाल वाहणारा, आणि ढालाईत हा आपला चांगला जुना शब्द.

थेम्सकाठची
बाराव्या शतकाबद्दल लिहीत असतील तर एकदम पसंत. पण १४०० नंतरचा एस्क्वायर कुणाची ढाल वाहत नव्हता हो, गावचा जमीनदार होता तो, स्वतःचं चिन्ह बाळगणारा. आणि ढाल तरी कुठे राहिली होती, पूर्ण पत्र्याचं चिलखत आल्यावर ढालीची गरजच संपली, दोन्ही हात मोकळे ठेवून परशू किंवा भाला धरायचे. जाता जाता, चिलखत घातल्यावर यांना क्रेनने उचलून घोड्यावर ठेवायचे हे प्लीज लिहू नका, थाप आहे. पुरं चिलखत २०-२५ किलो, वजन अंगभर वाटलेलं, माणूस पळू शकतो, पडला तर उठू शकतो.

निळीशाई
क्रेन नाही लिहिणार, प्रॉमिस. आता इंडेंचर. करारनामा लिहिलं तर चालेल का?

मोडीतोड
चालेल, पण नावातली मजा जाईल. एकाच चामड्यावर तोच मजकूर दोनदा लिहायचा आणि मधून नागमोडी, दातेरी कापायचं. एक तुकडा राजाकडे, एक कप्तानाकडे. वाद झाला की दोन्ही तुकडे जुळवून बघायचे, दात जुळले तर कागद खरा. दातेरी करार म्हणता येईल.

पटावरचा_घोडा
करवतकाठी करार! साडीचा काठ असतो तसा. यावेळी सिरीयसली बोलतोय.

निळीशाई
घेतला! करवतकाठी करार हा शब्द या धाग्याची कमाई. त्या करारात काय असायचं तेही लेखात टाकतेय, किती माणसं, किती दिवस, पगार किती, आणि लूट नि खंडणीचे वाटे. शिपायाने मिळवलेल्यातला तिसरा हिस्सा कप्तानाचा आणि कप्तानाच्या मिळकतीतला तिसरा हिस्सा राजाचा. फास्टॉल्फने पैसा केला तो असा. १४२४ च्या व्हर्नयच्या लढाईत आलाँसाँचा ड्यूक पकडला गेला, पकडणाऱ्यात हा एक, आणि त्या खंडणीतले माझे पैसे सरकारने बुडवले म्हणून हा पुढे आयुष्यभर कुरकुरत होता. रॅन्समला खंडणी बरोबर आहे ना? खंडणी म्हटलं की आता गुंडाचा फोन आठवतो.

बखरप्रेमी
खंडणी बरोबरच आहे. फारतर सुटकेची रक्कम म्हणा. लढाईत पकडलेला बडा माणूस म्हणजे मालमत्ता, तो विकता यायचा, गहाण टाकता यायचा. चॉसरच बघा ना, १३५९-६० च्या मोहिमेत फ्रेंचांच्या हाती लागला, राजाने सुटकेसाठी १६ पौंड घातले.

निळीशाई
शेवटचा आणि सगळ्यात अवघड, वॉर्डशिप. फास्टॉल्फने १४०९ मध्ये मिलिसेंट स्क्रोप नावाच्या विधवेशी लग्न केलं. ती याच्याहून मोठी आणि बरीच श्रीमंत, तिच्याकडे विल्टशरमधलं कॅसल कूम, जिथे कापड विणायचे, आणि हा आपल्या सैनिकांसाठी लाल-पांढरं कापड तिथूनच घ्यायचा, म्हणजे सरकारी पगारातून बायकोच्या गावची विक्री, हुशारच म्हणायचा. तर तिला पहिल्या नवऱ्यापासून मुलगा होता, स्टीफन. त्याची वॉर्डशिप फास्टॉल्फने विल्यम गॅस्कॉइन या न्यायाधीशाला ५०० मार्कला विकली. एक मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेनी, म्हणजे सव्वातीनशे पौंडांच्या वर. पालकत्व विकलं असं लिहिलं तर वाचकाला कळणारच नाही काय विकलं.

मोडीतोड
सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' असतं बघा, अज्ञान पालन कर्ता. तिथून सुरुवात करा, वाचकाला लगेच समजेल. फक्त आपला अ.पा.क. हा जबाबदारी असलेला माणूस, जमीन त्याची नाही, खायची नाही. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये उलट, वारस सज्ञान होईपर्यंत जमिनीचं उत्पन्न धन्याने खायचं, आणि त्याहून मोठं म्हणजे त्या पोराचं लग्न कुणाशी लावायचं हा हक्कही धन्याचा, आणि हे सगळं बाजारात विकता येतं. घेणारा बहुतेक आपल्याच मुलीशी लग्न लावून जमीन घरात आणणार.

थेम्सकाठची
स्टीफनने पुढे मोठेपणी स्वतःच लिहून ठेवलंय की मला जनावरासारखं विकलं आणि विकत घेतलं, तिकडे असताना आजारी पडलो त्याने कायमचा विद्रूप झालो. आईची जमीन तरी मिळावी, तर ती फास्टॉल्फने हयातभर आपल्याकडे ठेवली. आई १४४६ ला गेली, हा १४५९ पर्यंत जगला, म्हणजे लग्नापासून पन्नास वर्षं तो मुलगा आपल्याच वारशाची वाट बघत बसला, मिळाला तेव्हा स्वतः साठीचा. ताई, तुमच्या लेखात लढाया कमी केल्यात तरी चालेल पण हे सविस्तर लिहा. शब्द म्हणाल तर मी 'वारसाचा ताबा' म्हणेन. ताबा विकता येतो, पालकत्व विकता येत नाही.

निळीशाई
वारसाचा ताबा. अगदी. थँक्यू.

टवाळखोर
हा फास्टॉल्फ म्हणजे शेक्सपिअरचा तो जाडा बेवडा भित्रा फॉलस्टाफ ना? मग त्याला पळपुटा म्हणा, एवढी चर्चा कशाला.

निळीशाई
नाव तिथूनच ढापलंय असं दिसतं. त्या पात्राचं नाव आधी ओल्डकॅसल होतं, त्या घराण्याच्या वारसांनी तक्रार केल्यावर बदललं. पळपुटेपणाची गोष्ट मात्र १४२९ ची. फेब्रुवारीत याने ऑर्लियन्सच्या वेढ्यासाठी उपासाच्या महिन्यातले हेरिंग मासे नेणारा गाड्यांचा तांडा, गाड्यांचाच कोट करून, फ्रेंच-स्कॉटिश फौजेपासून वाचवला. चार महिन्यांनी पाते इथे इंग्लिश फौज उधळली, तिचा सेनापती टॅलबॉट पकडला गेला आणि हा आपली माणसं घेऊन निसटला. त्यावरून भित्रा म्हणून बोभाटा, गार्टरचा (राजाच्या खास नाईट-मंडळाचा) मानही काही काळ काढून घेतला म्हणतात, मग चौकशीत सुटला. पण त्याच्याबरोबर असलेला बखरकार जाँ दे व्हाव्ह्रँ सांगतो की हा आधीपासून म्हणत होता, आत्ता लढू नका, कुमक येऊ द्या.

बखरप्रेमी
मग 'माघार घेतली' लिहा. 'पळ काढला' अजिबात लिहू नका. आपल्याकडे तरी या दोन शब्दांची गल्लत होऊ नये.

मोडीतोड
गार्टरचं काय लिहिताय? मी एका भाषांतरात 'ऑर्डर ऑफ द गार्टर'चं 'मोजेबंदाचा आदेश' वाचलंय.

पटावरचा_घोडा
😂😂 आदेश पाळला नाही तर मोजे खाली येणार.

थेम्सकाठची
तिथे ऑर्डर म्हणजे मंडळ. तिसऱ्या एडवर्डने १३४८ च्या सुमारास काढलेलं, राजा आणि युवराज धरून २६ जण, कुणी मेला तरच नवीन जागा. फास्टॉल्फला १४२६ मध्ये मिळाली. 'गार्टर मंडळ' लिहा, सोपं.

निळीशाई
तर आता पहिलं वाक्य असं होतंय, बघा कसं वाटतं: "जॉन फास्टॉल्फ हा नॉरफकमधला एस्क्वायर; १४१५ ला तो करवतकाठी करार करून १० चिलखती शिपाई आणि ३० तिरंदाजांसह फ्रान्सला गेला आणि वर्षभरात नाईट झाला, म्हणजे पगार दुप्पट आणि नावाआधी सर." नाईट तसाच ठेवलाय, सरदार-शिलेदार दोन्ही काढले.

बखरप्रेमी
वाक्य झकास. तरी एकदा तळटीपेत शिलेदार टाका हो, पंधरा शब्दांची टीप, कुणाचं काय जातंय.